द एव्हरेस्टचं पेड फॉर्म गाइड: विजेता बरोबर सांगितला, तरी अडीच तारे

पाचपैकी अडीच. आधीच सांगून टाकते, कारण या गाइडने (शर्यतीआधी घोड्यांची मागची कामगिरी आणि अंदाज देणाऱ्या पुस्तिकेने) २०२५च्या द एव्हरेस्ट या घोड्यांच्या शर्यतीचा विजेता बरोबर सांगितला होता आणि तरीही मी एवढेच तारे का देतेय, हे कुणीही विचारेल. भाच्याने तर विचारलंच. "मावशी, घोडा जिंकला ना? मग तक्रार कसली?" 'का यिंग रायझिंग' हा घोडा जिंकणार हे सांगायला गाइड लागतच नव्हतं, हीच तक्रार.

सलग १३ शर्यती जिंकून हाँगकाँगहून आलेला घोडा. डेव्हिड हेजसारखा ट्रेनर, वर झॅक पर्टनसारखा जॉकी. त्याला पहिला क्रमांक देणं ही काही अभ्यासाची कमाल नव्हे. माझे पैसे जातात ते उरलेल्या अकरा घोड्यांसाठी, आणि शर्यत पळवली कशी जाणार, या प्रश्नासाठी. तिथे हे गाइड लंगडं पडतं.

ज्यांना या शर्यतीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. द एव्हरेस्ट म्हणजे सिडनीच्या रँडविक रेसकोर्सवर ऑक्टोबरमध्ये होणारी १२०० मीटरची शर्यत. २०१७ साली सुरू झाली, म्हणजे वयाने अगदी कोवळी. बक्षिसाची एकूण रक्कम मात्र आता २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. गवतावरच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कमी पल्ल्याच्या शर्यतीत, एवढा पैसा जगात दुसरीकडे नाही. धावतात फक्त १२ घोडे, आणि तेही मालकाने नाव नोंदवलं म्हणून नव्हे. आधी १२ स्लॉट, म्हणजे शर्यतीतल्या जागा, विकले जातात. सुरुवातीला एका स्लॉटला ६ लाख डॉलर पडायचे. स्लॉट ज्याच्या हातात, तो ठरवतो कुठला घोडा उतरवायचा, आणि मग घोड्याचा मालक आणि स्लॉटवाला बक्षिसाची वाटणी आपसात ठरवतात. त्यामुळे गेटमध्ये उभे असलेले बारा घोडे म्हणजे देशातले सर्वात वेगवान बारा, असं डोळे मिटून धरता येत नाही. काही घोडे सौदा जमला नाही म्हणून बाहेर असतात. गाइडमध्ये स्लॉटवर एक रंगीत पान आहे, कोणाचा स्लॉट कोणता याचं. कोणता घोडा महिनाभर आधीच पक्का झाला होता आणि कोणाला अगदी शेवटी घाईत उचललं, हे मात्र त्यात नाही. घोड्याची तयारी याच शर्यतीसाठी केली होती की दुसऱ्याच कशासाठी, ते त्यावरून कळलं असतं.

गाइडचं नाव लिहीत नाही. अशी बरीच गाइडं मिळतात आणि माझे आक्षेप त्यातल्या बहुतेकांना लागू पडतील. सेवा ऑस्ट्रेलियातली आहे. मोबाइलवर सदस्यत्व घ्यायचं, शर्यतीच्या आठवड्यात पीडीएफ येते, शिवाय ॲपमध्ये तेच सगळं सुटं सुटं बघता येतं. सदस्यत्व भाच्याने काढलं आणि लॉगिन मला दिलं. त्याला पैसे लावायचे असतात, मला लावायचे नसतात.

माझा संबंध आहे तो धावण्याशी. मैदानी स्पर्धांमध्ये मी बरीच वर्षं टाइमकीपर म्हणून उभी राहिले. फिनिशच्या रेषेपाशी पायऱ्यांच्या स्टँडवर बसायचं, पिस्तुलाचा धूर दिसला की बटण दाबायचं. आवाजाची वाट बघायची नाही, कारण आवाज मागाहून येतो. त्या कामाने एक खोड लागली. कोण जिंकलं यापेक्षा तो कुठल्या टप्प्यात किती वेगाने गेला, याकडे डोळा जातो. घोड्यांची स्प्रिंट मी त्याच डोळ्याने बघते आणि गाइडकडूनही तीच अपेक्षा ठेवते.

चांगलं आधी सांगते. टप्प्याटप्प्याच्या वेळांचे तक्ते उत्तम आहेत. प्रत्येक घोड्याच्या मागच्या काही शर्यतींत शेवटचे ६००, ४०० आणि २०० मीटर किती सेकंदांत गेले, हे एका नजरेत दिसतं. त्या दिवशी मैदान कसं होतं, हेही त्याच ओळीत दिलेलं आहे. ऑस्ट्रेलियात मैदानाला १ ते १० असे आकडे देतात. १ आणि २ म्हणजे कडक, ३ आणि ४ चांगलं, ५ ते ७ मऊ, ८च्या पुढे चिखल. आकडा शेजारीच असला की समजतं की ३४ सेकंदांत शेवटचे ६०० मीटर काढणारा घोडा चांगल्या मैदानावर होता की मऊ. फुकटच्या कार्डांवर ही माहिती मिळते, पण चार पानं उलटसुलट करून जुळवावी लागते. इथे ती जुळवलेली आहे. अक्षर वाचण्याजोगं आहे, जॉकीच्या रेशमी कपड्यांचे रंग नीट छापलेत, शर्यत बघताना मोबाइल शेजारी ठेवला तर घोडा पटकन ओळखू येतो. यासाठी मी मोकळ्या मनाने दीड तारा दिला.

उरलेला एक तारा कशाकशाला दिला ते पुढे येईलच. आता दुखण्याकडे वळते.

स्प्रिंटचं प्रिव्ह्यू म्हणजे मुळात एकाच प्रश्नाचं उत्तर असतं. गेट उघडल्यावर पहिल्या तीनशे मीटरमध्ये कोण कुठे असेल? रँडविकला १२०० मीटरच्या वाटेत एक वळण येतं, मग सुमारे ४०० मीटरचा सरळ पट्टा, आणि त्या पट्ट्यात चढ. वळणावर जो बाहेरून पळाला तो जास्त अंतर पळाला. वळणाआधीच ज्याने दम संपवला, त्याला तो चढ अंगावर येतो. ३००० मीटरच्या शर्यतीत सुरुवातीला झालेली चूक सावरायला वेळ असतो. इथे सगळा मिळून सव्वा मिनिटाहून कमी खेळ. का यिंग रायझिंगसारखा घोडा सेकंदाला १७-१८ मीटर जातो. एक लेंथ म्हणजे सुमारे अडीच मीटर, म्हणजे सेकंदाचा साधारण सातवा भाग. गेटमधून अर्धा सेकंद उशिरा निघालात तर तीन-चार लेंथ तिथेच गेल्या.

गाइडमध्ये 'स्पीड मॅप' नावाचं पान आहे. त्यावर हिरवे, पिवळे, लाल ठिपके. हिरवे पुढे, लाल मागे. बस. ओव्हरपास या घोड्याला पुढे जाऊन शर्यत पळायची सवय आहे, हे नियमित बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे आणि नकाशावर तो पुढे आहेही. पण त्याच्याशी पुढे जाऊन भांडणार कोण? कुणीच भांडलं नाही तर तो आरामात पुढे राहील आणि शेवटपर्यंत टिकू शकेल. दोघे भांडले तर दोघेही मरतील आणि मागच्यांचं फावेल. या दोन शक्यतांचे दोन नकाशे हवे होते. दिला एकच, आणि तो का असा, याबद्दल खाली एक अक्षर नाही. घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

हे किती महत्त्वाचं असतं, त्याची साक्ष याच शर्यतीचा इतिहास देतो. २०२१ मध्ये नेचर स्ट्रिप आणि एडुआर्डो सुरुवातीपासून पुढच्या फळीत होते. नेचर स्ट्रिप जिंकला, एडुआर्डो तिसरा आला, आणि दोघांच्या मध्ये मास्क्ड क्रुसेडर मागून वाऱ्यासारखा येऊन अगदी थोडक्यात हुकला. आणखी पन्नास मीटर असते तर निकाल उलटा लागला असता, असं माझं मत. पुढच्या वर्षी नेचर स्ट्रिप आणखी दबदब्याने आला. मधल्या जूनमध्ये त्याने इंग्लंडला जाऊन रॉयल ॲस्कटची किंग्ज स्टँड ही शर्यत साडेचार लेंथनी मारली होती. तोच घोडा, तोच ट्रेनर ख्रिस वॉलर, तोच जॉकी जेम्स मॅकडॉनल्ड. आला चौथा. जिंकला गिगा किक, तीन वर्षांचा, तोवर एकही शर्यत न हरलेला, मागून येऊन. फक्त 'दर्जा'च्या रेटिंगवर चालणारं प्रिव्ह्यू या दोन वर्षांत फरक करूच शकलं नसतं. दोन्ही वेळा त्याने नेचर स्ट्रिप म्हटलं असतं, एकदा टाळ्या घेतल्या असत्या आणि दुसऱ्यांदा नशिबाला दोष दिला असता.

या गाइडची पद्धत हीच आहे. प्रत्येक घोड्याला शंभरपैकी एक आकडा. तो कसा काढला, हे कुठेही सांगितलेलं नाही. मला शाळेतल्या कलाशिक्षकांचे शेरे आठवले, ८२ का आणि ८४ का नाही, हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

आता वजनाचा मुद्दा, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त चिडले. द एव्हरेस्ट वयानुसार वजनाची शर्यत आहे. चार वर्षं आणि वरच्या घोड्यांनी ५८.५ किलो घेऊन पळायचं, त्या वयाच्या घोडीला दोन किलोंची सूट, म्हणजे ५६.५. तीन वर्षांच्या घोड्याला ५३, आणि तीन वर्षांच्या फिलीला, म्हणजे तरुण घोडीला, ५१. जॉकी, खोगीर आणि लागलं तर शिशाचे तुकडे, सगळं मिळून हे वजन. आता २०२५चा निकाल बघा. पहिला का यिंग रायझिंग, ५८.५ किलो. दुसरी टेम्प्टेड, तीन वर्षांची फिली, ५१ किलो. दोघांत साडेसात किलोंचा फरक. स्प्रिंटमध्ये वजनाचा परिणाम लांब पल्ल्याच्या शर्यतीइतका होत नाही, असं मानणारे बरेच आहेत. मानोत बापडे. पण हा मुद्दा वाचकासमोर मांडायचा तरी!

गाइडमध्ये वजन कुठे आहे? घोड्याच्या नावाखाली, जॉकीच्या नावाच्या उजवीकडे, फिकट करड्या रंगात, इतक्या बारीक आकड्यात की मला चष्मा वर करून स्क्रीन डोळ्याजवळ न्यावी लागली. टेम्प्टेडवरची टिप्पणी दोन ओळींची. त्यात 'तरुण', 'हुशार', 'पुढे नाव काढेल' असं सगळं आहे, ५१ हा आकडा नाही. तीन वर्षांचे घोडे ही शर्यत जिंकू शकतात, हे दोनदा सिद्ध झालंय. २०१९ला यस यस यस आणि २०२२ला गिगा किक, दोघांवर ५३ किलो. तरुण घोड्यांना दिलेल्या वजनाच्या सवलतीचा असा इतिहास असताना त्याचा उल्लेखही नसावा? घोडींच्या बाबतीतही तेच. २०२४ला बेला निपोटिना जिंकली, सात वर्षांची, ही शर्यत मारणारी पहिली घोडी. गाइडने तिचा फोटो आतल्या पानावर मोठा छापलाय. तिला मिळालेली दोन किलोंची सूट मात्र छापलेली नाही.

भाच्याचं म्हणणं वेगळं. "मावशी, पब्लिकमध्ये एवढं कोण वाचतंय? नाव सांगा, मोकळे व्हा." त्याचं खरं असेलही. मग पंचवीस पानं कशाला? एका ओळीचा मेसेज पाठवा.

वेळांच्या तुलनेबद्दल बोलायलाच हवं, कारण टाइमकीपर म्हणून माझा जीव तिथे अडकला. गाइडमध्ये एक चौकट आहे. डाव्या बाजूला का यिंग रायझिंगची जानेवारी २०२५मधली हाँगकाँगच्या शा टिन रेसकोर्सवरची १२०० मीटरची वेळ, १ मिनिट ७.२० सेकंद. तो शा टिनचा विक्रम होता, आणि मोडला तोही त्याचा स्वतःचाच, दोन महिन्यांपूर्वीचा १ मिनिट ७.४३चा. उजव्या बाजूला यस यस यसची २०१९च्या द एव्हरेस्टमधली वेळ, १ मिनिट ७.३२. मध्ये बाण, आणि खाली निष्कर्ष, 'रँडविकच्या विजेत्याहून ०.१२ सेकंद वेगवान'.

हे चालत नाही. माणसांच्या शंभर मीटरमध्येसुद्धा हातघड्याळाची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी लावायची तर आधी ०.२४ सेकंद मिळवावे लागतात, मगच तुलना. मैदान तेच, धावपटू तोच, फक्त घड्याळ बदललं तरी एवढा फरक मानतात. इथे तर मैदान वेगळं, गवत वेगळं, चढउतार वेगळे, त्या दिवशीची रेलची (आतल्या कठड्याची) जागा वेगळी, वारा वेगळा, अंगावरचं वजन वेगळं. एका बाजूला ५३ किलोवाला तीन वर्षांचा घोडा, दुसरीकडे मोठा घोडा. त्यातून ०.१२ सेकंद काढणं, म्हणजे एका लेंथपेक्षाही कमी अंतर, आणि त्यावर ठळक अक्षरात निष्कर्ष लिहिणं हे आकड्यांचं नाटक झालं. निष्कर्ष योगायोगाने बरोबर निघाला म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही.

खरं तर परदेशी घोड्याबद्दल जे विचारायला हवं होतं ते साधं होतं. तो उजव्या हाताला वळतो का? शा टिनला घोडे उजवीकडे वळत पळतात, रँडविकलाही उजवीकडेच. म्हणजे ज्याला सगळे पाहुणा म्हणत होते त्याला वळण ओळखीचं होतं. उलट मेलबर्नचे घोडे फ्लेमिंग्टन, कॉलफील्ड, मूनी व्हॅली या डावीकडे वळणाऱ्या मैदानांवर वाढलेले असतात. सिडनीला आल्यावर त्यांना पाय बदलून पळावं लागतं, काहींना ते जमतं, काहींना नाही. जिमीजस्टार मेलबर्नकडचा, सिआरन माहरच्या तबेल्यातला, पण त्याने २०२५च्या एप्रिलमध्ये रँडविकवरच ऑल एज्ड स्टेक्स ही शर्यत जिंकली होती. म्हणजे त्याचा प्रश्न आधीच सुटलेला. द एव्हरेस्टमध्ये तो तिसरा आला. अशी एक ओळ प्रत्येक घोड्यापुढे असती, 'उजव्या वळणावर किती पळालाय, काय केलंय', तर मी अख्खा एक तारा वाढवला असता. गाइडने परदेशी घोड्याच्या बाबतीत विमानप्रवास, क्वारंटाइन आणि वेगळं पाणी यावर अर्धं पान खर्च केलंय. वाचायला छान आहे, बोलाचीच कढी बोलाचाच भात.

ट्रायलच्या बाबतीतही थोडं असंच. मोठ्या शर्यतीआधी घोड्यांना गेटमधून सोडून सरावाची धाव देतात. का यिंग रायझिंगनेही रँडविकवर अशी धाव घेतली होती. ट्रायलमध्ये जॉकी घोड्याला पूर्ण पळवत नाहीत, बरेचदा लगाम धरूनच बसलेले असतात. त्यामुळे वेळेला फारसा अर्थ नसतो. बघायचं असतं ते घोडा गेटमधून कसा निघाला, कान कसे आहेत, रेषा ओलांडल्यावर किती पुढे पळत गेला. गाइडने ट्रायलच्या वेळा शर्यतीच्याच तक्त्यात, त्याच रंगात घातल्यात. नवखा माणूस हमखास फसेल. ॲपमध्ये मात्र ट्रायलचे व्हिडिओ जोडलेत, आणि ही सोय फार चांगली आहे. व्हिडिओ लगेच चालू होतो, पुढे-मागे सरकवता येतो. एका घोड्याचं गेटमधून निघणं मी पुन्हा पुन्हा पाहिलं. बाकीचे नाक पुढे काढून निघाले तेव्हा याचे मागचे पाय किंचित घसरले. टिप्पणीत लिहिलं होतं 'समाधानकारक ट्रायल'. तारा द्यायचा तर या व्हिडिओंना, टिप्पणी लिहिणाऱ्याला नव्हे. वर म्हटलेल्या उरलेल्या एका ताऱ्यातला अर्धा इथला.

दुसरा अर्धा साहित्याच्या यादीला. कुठल्या घोड्याला पहिल्यांदा ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूची झापडं) लावलेत, कुणाचे काढलेत, कुणाच्या जिभेला पट्टी बांधलीय, हे सगळं एका जागी, आणि 'पहिल्यांदा' असेल तिथे खूण. स्प्रिंटमध्ये ब्लिंकर लावणं म्हणजे बहुतेकदा ट्रेनरला घोडा सुरुवातीला पुढे हवाय. मग ती खूण स्पीड मॅपपर्यंत का पोचली नाही, कोण जाणे. बहुधा दोन पानं दोन वेगवेगळ्या माणसांनी केली असावीत.

टिप्पण्यांची भाषा सांगू? 'चान्स आहे.' 'दुर्लक्ष करून चालणार नाही.' 'दिवस त्याचा असेल तर.' बाराच्या बारा घोड्यांना चान्स असेल तर मी वाचतेय कशाला! एकाही घोड्याबद्दल 'हा जिंकणार नाही, कारण अमुक' असं लिहायची हिंमत नाही. चांगलं प्रिव्ह्यू ओळखायची माझी खूण साधी आहे. घोडं मैदान जवळ असताना ते चूक ठरायला तयार असतं. 'पुढे दोघांची मारामारी होईल, म्हणून मी मागच्या अमक्याला धरतो' असं लिहिणारा चुकला तरी मला पटतो, कारण कुठे चुकला ते मला शोधता येतं. 'चान्स आहे'वाला कधीच चुकत नाही.

अर्थात काही गोष्टी कुठल्याच गाइडला सांगता येत नाहीत, त्यांचा हिशेब मी या गाइडकडे मागत नाही. १९९०मध्ये डेजूर नावाचा इंग्लंडचा जबरदस्त स्प्रिंटर अमेरिकेत ब्रीडर्स कप स्प्रिंट जिंकता जिंकता जमिनीवरच्या सावल्यांवरून उडी मारून गेला आणि सेफली केप्ट या घोडीकडून हरला. सावली कुठे पडणार, हे कोण छापणार? २०२३ला शकील नावाचा घोडा रॉयल ॲस्कटच्या कॉमनवेल्थ कपमध्ये गेटमधून इतका मागे निघाला की बघणाऱ्यांनी त्याला सोडूनच दिलं होतं. तरी जिंकला. पुढच्याच महिन्यात जुलै कपमध्ये पुन्हा उशिरा निघाला, पुन्हा जिंकला. वर मी गेटमधल्या उशिरावर एवढं लिहिलंय, त्याला हा घोडा म्हणजे सणसणीत उत्तर आहे. पण पहिल्या प्रसंगानंतर दुसऱ्या शर्यतीच्या गाइडमध्ये 'हा गेटमध्ये अडतो' एवढी ओळ तरी असायला हवी, इतकंच माझं म्हणणं.

वेळेवर माहिती देण्यात या सेवेला शून्य. गेट क्रमांक शर्यतीच्या आठवड्यात सोडत काढून ठरतात. पीडीएफ सोडतीआधी आली, त्यामुळे तिच्यात गेट क्रमांक नाहीत आणि स्पीड मॅप 'अंदाजे'. हे एक वेळ चालेल. पण सोडत झाल्यावर ॲपमधला नकाशा बदलायला हवा होता. बदलला, पण सकाळी उठून बघितलं तेव्हा वर्तमानपत्रं आणि यूट्यूबवाले सगळे बोलून मोकळे झाले होते. वरातीमागून घोडं. पीडीएफची सुधारित आवृत्ती आलीच नाही. मैदानाचा आकडाही तसाच. सिडनीच्या ऑक्टोबरमध्ये एका पावसात मैदान ४ वरून ६ वर जाऊ शकतं, आणि मग मऊ मैदानावर कोण कसा पळतो, हा पूर्ण वेगळा हिशेब सुरू होतो. गाइडने हिशेब चांगल्या मैदानाचा एकच केलेला.

घ्यावं का? तुम्हाला घोडे बघायला आवडत असतील, शेवटच्या ६०० मीटरचे आकडे स्वतः वाचता येत असतील आणि ट्रायलचे व्हिडिओ शांतपणे बघायचे असतील, तर एका शर्यतीपुरतं घ्या. तक्ते आणि व्हिडिओ वापरा, रेटिंग आणि टिप्पण्या सोडून द्या. स्पीड मॅप कागद-पेन्सिलीने स्वतः काढा. प्रत्येक घोड्याच्या मागच्या चार शर्यतींत ४०० मीटरनंतर तो कितव्या जागी होता, एवढं पाहिलं तरी गाइडच्या ठिपक्यांहून बरा नकाशा तयार होतो. पैसे लावण्यासाठी टिप हवी असेल, तर या गाइडने दिलेली टिप आणि बाजारातला फेव्हरिट यात मला काही फरक दिसला नाही, आणि बाजारातला भाव फुकट दिसतो.

एक व्यवहाराची गोष्ट. सदस्यत्व एका शर्यतीचं म्हणून घेतलं तरी ते आपोआप मासिक होतं. बंद करायचं बटण ॲपमध्ये नाही. वेबसाइटवर लॉगिन करून खात्याच्या पानावर सगळ्यात खाली जावं लागतं, आणि तिथे 'तुम्हाला खरंच जायचंय का?' हे तीनदा विचारतात. भाच्याने ते शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी केलं. तुम्ही घेणार असाल तर घेतानाच मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवा.